किंमत स्पष्ट, चित्र अस्पष्ट

दूरचित्रवाणीची मासिक वर्गणी भरण्याची वेळ आली की वाहिन्यांची जी लांबलचक यादी समोर येते, तीत चित्रपटांच्या अनेक वाहिन्यांची नावे दोनदा आढळतात. एकदा नुसते नाव आणि एकदा त्याच नावापुढे ‘एचडी’ ही दोन इंग्रजी अक्षरे. चित्रपट बहुधा तेच, वेळाही बहुधा त्याच. दर मात्र बहुतेक वेळा निराळे. ही दोन अक्षरे घ्यावीत की साध्या वाहिनीवर भागवावे, असा प्रश्न महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या माणसास पडतो. केबलवाला सांगतो, ‘एचडी घ्या, चित्र काचेसारखे दिसेल.’ तेवढ्यावर व्यवहार होतो. पुढे एखाद्या रविवारी दुपारी एखादा जुना मराठी चित्रपट लागतो आणि जास्तीचे पैसे मोजूनही चित्र काचेसारखे न दिसता ओल्या काचेतून पाहिल्यासारखे दिसते. मग दोष संचाचा, डिशचा की आपल्याच डोळ्यांचा, याविषयी घरात चर्चा सुरू होते.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. ज्या राज्यात शाळांना छपरे नाहीत आणि दवाखान्यांना डॉक्टर नाहीत, तेथे चित्रपट धूसर दिसतो याची तक्रार काय करावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वस्तूचे वर्णन खरे असावे, हा नियम गव्हाला व तेलाला लागू असेल तर चित्राला का नसावा? शिवाय येथे गोष्ट केवळ ग्राहकाच्या चार पैशांची नाही. मराठी चित्रपटाचा नव्वद वर्षांहून मोठा बोलका वारसा आज बव्हंशी या छोट्या पडद्यावरच जिवंत आहे. तो कोणत्या रूपात पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जातो, याच्याशी हा प्रश्न निगडित आहे.

या दोन प्रकारांतील फरक प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. भारतात दूरचित्रवाणी आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, आणि मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडील प्रक्षेपणात चित्र ६२५ आडव्या रेषांत विभागलेले असे व त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष पडद्यावर दिसत. १९८२ साली रंग आले, तरी रेषांची ही संख्या तीच राहिली. पुढे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्यावर या चित्राचे ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके झाले. हीच आजची साधी, म्हणजे एसडी वाहिनी. एचडी वाहिनीचे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे असते. म्हणजे २० लाख ७३ हजारांहून अधिक. हिशेब सरळ आहे: एचडीत ठिपके पाचपट. दूरदर्शनने दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने २०१० साली या पद्धतीने प्रक्षेपण केले, आणि त्यानंतर खाजगी वाहिन्यांनीही ही वाट झपाट्याने धरली.

पाचपट ठिपके म्हणजे पाचपट चांगले चित्र, असे मात्र नाही. मानवी डोळ्याला मर्यादा आहे. सर्वसाधारण निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखू शकतो. त्याहून बारीक तपशील त्याला एकमेकांत मिसळलेला दिसतो. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या ३२ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. या हिशेबाने ५७६ रेषांचे चित्र सुमारे आठ फुटांवरून पाहिले तर त्यातील रेषा वेगळ्या जाणवत नाहीत. १०८० रेषांचा पुरता लाभ घ्यावयाचा तर याच संचापासून चार-सव्वाचार फुटांवर बसावे लागेल. दोन खोल्यांच्या घरात पलंगावर बसून समोरच्या भिंतीवरील संच पाहणारे कुटुंब बहुधा आठ फुटांच्या आसपासच असते. याचा अर्थ असा की, साधी वाहिनी जर प्रामाणिकपणे तिच्या पूर्ण गुणवत्तेने पाठविली गेली, तर या घरातील माणसांना तिच्यात फारसे उणे वाटण्याचे कारण नाही. संच ४३ इंची झाला की हेच अंतर साडेदहा फुटांवर जाते व मग एचडीचा फायदा खरोखर दिसू लागतो.

असे असताना ३२ इंची संचावरही साधी वाहिनी इतकी केविलवाणी का दिसते? कारण ती रेषांच्या कमतरतेने आजारी नाही, उपासमारीने आजारी आहे. उपग्रहावरील प्रत्येक प्रक्षेपक यंत्राची, ज्याला ट्रान्सपॉण्डर म्हणतात त्याची, वहनक्षमता ठरलेली असते आणि त्याचे भाडे मोठे असते. म्हणून चित्रातील माहिती दाबून, आवळून पाठविली जाते. एका क्षणाच्या चित्रापासून पुढच्या क्षणाच्या चित्रात जेवढा बदल झाला असेल तेवढाच पाठवावयाचा, हे या आवळण्याचे मुख्य तत्त्व. तंत्र उत्तम आहे. त्याच्यावाचून डिजिटल दूरचित्रवाणी शक्यच झाली नसती. परंतु त्याच ट्रान्सपॉण्डरवर जितक्या अधिक वाहिन्या कोंबाव्यात, तितका प्रत्येकीचा वाटा आटतो. बातम्या देणारा निवेदक स्थिर बसलेला असतो, म्हणून त्याच्या चित्रात हा आटलेला वाटा खपून जातो. चित्रपटात तसे होत नाही. पाऊस, धबधबा, वाऱ्यावर डोलणारे ज्वारीचे शेत, पालखीपुढची गर्दी, उधळलेला गुलाल, बैलगाड्यांच्या शर्यतीतील धूळ, रात्रीचा अंधार. या प्रसंगी चित्राचा कण न् कण बदलत असतो. तेथे अपुऱ्या वाट्याचे पितळ उघडे पडते. चित्राचे चौकोनी तुकडे होतात, चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि अंधाराचे पट्टे पडतात. पूर्वी गच्चीवरील अँटेना वाऱ्याने हलली की पडद्यावर मुंग्या येत. मुंग्या गेल्या, त्यांच्या जागी ठोकळे आले, एवढीच ही प्रगती.

ज्या डिजिटलीकरणाने हे घडविले, त्याचा प्रचार स्वच्छ चित्राच्या नावानेच झाला होता हे विसरून चालणार नाही. केबल प्रक्षेपणासंबंधीच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मुंबईसह चार महानगरांसाठी २०१२ सालच्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती, आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांसाठी २०१३ सालच्या मार्चअखेरची. घरोघरी सेट टॉप बॉक्स सक्तीने आले. वाहिन्यांची संख्या खरोखरच वाढली व हिशेबही अधिक पारदर्शक झाला. स्वच्छतेचे आश्वासन मात्र वाहिन्यांच्या संख्येखाली दबून गेले.

ही झाली साध्या वाहिनीची कथा. एचडी वाहिनीची कथा निराळी असून अधिक चमत्कारिक आहे. एचडी हे विशेषण वाहिनीला लागते, चित्रपटाला नव्हे, ही गोष्ट ग्राहकास कोणी सांगत नाही. रस्ता चौपदरी झाला म्हणून त्यावरून धावणारी एसटी नवी होत नाही. एखाद्या चित्रपटाची प्रत तीस वर्षांपूर्वी चित्रफितीवर उतरविलेली असेल, तर तिच्यात ५७६ रेषाच आहेत. ती एचडी वाहिनीवरून पाठविताना यंत्र मधले ठिपके अंदाजाने भरते आणि संख्या पाचपट करते. तपशील मात्र पूर्वी होता तेवढाच राहतो. दुधात पाणी घातल्याने दूध वाढत नाही, भांडे भरते. अशा चित्रपटापुरते बोलावयाचे तर एचडी वाहिनीचा वर्गणीदार दुधाच्या भावाने भांडे विकत घेत असतो.

येथे एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जुने चित्रपट जुनेच दिसणार’ असे आपण समजून चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर काळजीपूर्वक चित्रित केलेल्या मूळ निगेटिव्हमध्ये एचडी चित्राहून अधिक तपशील साठविलेला असतो. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ काय, १९५३ सालचा ‘श्यामची आई’ काय किंवा १९८२ सालचा ‘उंबरठा’ काय, हे चित्रपट दूरचित्रवाणीच्या ५७६ रेषांसाठी काढलेले नव्हते. ते मोठ्या पडद्यासाठी काढलेले होते. त्यांना धूसरपणा आला तो त्यांच्या वयामुळे नव्हे, तर मधल्या काळात घाईघाईने, झिजलेल्या प्रतीवरून आणि स्वस्तात उतरविलेल्या चित्रफितींमुळे. एचडीचा खरा लाभ कोणाला व्हावयाचा असेल तर तो या जुन्या चित्रपटांना. पण त्यासाठी मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रत शोधून ती नव्याने उतरवावी लागते, आणि तेथेच खर्च येतो.

दुसरा अन्याय चौकटीचा आहे. जुन्या बोलपटांची व जुन्या दूरचित्रवाणीची चौकट जवळजवळ सारखी, म्हणजे चारास तीन अशा प्रमाणाची होती. आजचा संच सोळास नऊ या प्रमाणाचा आहे. जुना चित्रपट त्यावर मूळ स्वरूपात दाखवावयाचा तर डाव्या-उजव्या बाजूस काळे पट्टे राहणार. पैसे मोजलेल्या पडद्याचा काही भाग रिकामा राहिलेला ग्राहकास आवडत नाही, असे गृहीत धरून दोन उपाय केले जातात. एक, चित्र आडवे ताणावयाचे. मग सडपातळ नायिका स्थूल होते आणि गाडीचे चाक लंबवर्तुळाकार दिसते. दुसरा, वरचा-खालचा भाग कापून उरलेले चित्र मोठे करावयाचे. या उपायात चित्राचा चतुर्थांश भाग नाहीसा होतो. नायकाचे कपाळ जाते, तमाशाच्या फडावर नाचणाऱ्या स्त्रीचे पाऊल जाते. गुरुदत्त यांच्या १९५९ सालच्या ‘कागज के फूल’ पासून आपल्याकडे सिनेमास्कोपची रुंद चौकट आली. तिची गत जुन्या चौरस संचावर याहून वाईट होती. तेथे पडदा भरावयाचा तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग सोडून द्यावा लागे. आजच्या रुंद संचावरही असा चित्रपट काठोकाठ भरला तर सुमारे पाव चित्र कापले जाते. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा समास कापताना चार ओळीही कापल्या गेल्या, तर वाचक प्रकाशकास जाब विचारील. चित्रपटाच्या बाबतीत कापलेले काय होते हेच प्रेक्षकाला माहीत नसते, म्हणून तो गप्प असतो.

याला जबाबदार कोण? वाहिन्यांना दोष देणे सोपे आहे आणि तो काही अंशी योग्यही आहे. परंतु व्यापारी माणूस नियम जेथे बोट ठेवतात तेथेच लक्ष देतो. आपल्या नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ साली वाहिन्यांच्या दरांविषयी विस्तृत आदेश काढले व ते २०१९ सालच्या १ फेब्रुवारीपासून प्रत्यक्षात आले. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली पाहिजे, ग्राहकाला सुटी वाहिनी घेता आली पाहिजे, एकाच गठ्ठ्यात त्याच वाहिनीची साधी व एचडी अशी दोन्ही रूपे घालता कामा नयेत, असे अनेक चांगले नियम त्यांत होते. गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीच्या सुट्या दरावर १९ रुपयांची मर्यादा होती. २०२० साली ती १२ रुपयांवर आणण्यात आली आणि २०२२ साली पुन्हा १९ रुपये झाली. वहनशुल्काचा हिशेब करताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरावी, असेही त्या वेळी ठरले. म्हणजे एचडी वाहिनी अधिक जागा व्यापते हे नियमकर्त्यांनी ओळखले आणि त्याचा भार ग्राहकाच्या खात्यावर टाकला. मात्र त्या अधिक जागेतून येणारा चित्रपट खरोखर त्या दर्जाचा आहे की नाही, हे ग्राहकाला कळविण्याचे बंधन कोणावर आले नाही. दुकानातील बिस्किटाच्या पुड्यावर वजन व किंमत छापणे कायद्याने आवश्यक आहे. चित्रपटगृहातील चित्रपटापूर्वी जे प्रमाणपत्र दाखविले जाते, त्यावर चित्रपटाची लांबीही नोंदविलेली असते. घरी येणाऱ्या चित्रपटाचे मात्र ना वजन ना माप.

यावर असा आक्षेप येईल की, ज्याला उत्तम चित्र हवे तो आता इंटरनेटवरून चित्रपट पाहतो. उपग्रह वाहिन्यांचे दिवस भरत आले आहेत, मग त्यांची डागडुजी कशाला? हा युक्तिवाद शहरातील सुस्थितीतल्या माणसाचा आहे. प्रसारभारतीची डीडी फ्री डिश ही सेवा २००४ साली सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. डिश व पेटी एकदा बसविली की भागते. वाड्यावस्त्यांवरील, ऊसतोड मजुरांच्या व शेतकऱ्यांच्या घरांवर दिसणाऱ्या छत्र्यांत या सेवेचा वाटा मोठा आहे आणि तेथे येणाऱ्या वाहिन्या बहुतांशी साध्या दर्जाच्याच आहेत. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला पर्याय आहे. ज्याच्याजवळ नाही, त्याला साधी वाहिनी हेच चित्रपटगृह आहे. म्हणून सुधारणेचा आरंभ एचडीपासून न होता साध्या वाहिनीपासून झाला पाहिजे. गरिबाला चार लाख ठिपकेदेखील धड न देता श्रीमंतास वीस लाखांची स्वप्ने विकणे, हे धोरण म्हणून शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चांगल्या प्रतीच नसतील, तर वाहिन्यांनी दाखवावे काय? याचे उत्तर पुण्यात शोधावे लागते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथे १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या माणसाने ते उभे केले. आपल्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एकही प्रत आज उपलब्ध नाही, दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच हाती लागले. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जेथे आता चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, साठवणीतील ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मला आग लागून अमोल ठेवा नष्ट झाला. उलट, निश्चय असेल तर काय होऊ शकते याचेही उदाहरण आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह लंडनमधील १९९३ सालच्या आगीत होरपळली होती, ती परदेशी तंत्रज्ञांनी अक्षरशः तुकड्यातुकड्याने सांधली आणि २०१५ साली तो चित्रपट नव्या तेजाने जगापुढे आला. केंद्र सरकारनेही २०२२ साली सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु सार्वजनिक पैशाने स्वच्छ केलेला चित्रपट महोत्सवात शे-दोनशे रसिकांनी पाहावा आणि बाकीच्या जनतेने तोच चित्रपट जुन्या फितीवरून पाहावा, असे होता कामा नये.

तेव्हा मागणी काय करावयाची? पहिली गोष्ट, चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर दोन ओळींची सूचना असावी: दाखविली जाणारी प्रत मूळची एचडी आहे की जुन्या फितीवरून मोठी केलेली, आणि चौकट मूळची आहे की कापलेली. तिला खर्च नाही, फक्त लाज लागते. दुसरी, साध्या वाहिनीला दिल्या जाणाऱ्या वहनक्षमतेची किमान मर्यादा ट्रायने ठरवावी व तिची वेळोवेळी तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. तिसरी, शासकीय निधीतून नव्याने सिद्ध झालेले मराठी चित्रपट दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून मूळ चौकटीत, ठरलेल्या वारी व वेळी दाखवावेत. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या वर्षांत शनिवारी मराठी चित्रपट लागे, तेव्हा संच असलेल्या घरात अख्खी चाळ जमत असे. ती गर्दी परत येणार नाही. तो नेम परत आणता येईल. चौथी गोष्ट राज्य शासनाची. मराठी चित्रपटांना ते अनुदान देते. अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना जतन करण्याजोगी एक उत्तम प्रत संग्रहालयात जमा झाली आहे ना, हे पाहावे. प्रकाशित पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांस पाठविण्याचा कायदा आपण १९५४ साली केला. त्या कायद्यात चित्रपटाला स्थान मिळाले नाही. त्याची किंमत आज आपण धूसर पडद्यावर पाहत आहोत.

तोवर वर्गणीदाराने काय करावे? संच ३२ इंची असेल आणि बसण्याची जागा आठ-दहा फुटांवर असेल, तर केवळ जुन्या चित्रपटांसाठी एचडीचा जास्तीचा दर देण्याची घाई करू नये. संच मोठा असेल व नवे चित्रपट पाहावयाचे असतील, तर तो खर्च वाया जाणार नाही. संचाच्या व पेटीच्या मांडणीत चित्राचे प्रमाण बदलण्याची सोय असते, ती वापरून निदान ताणलेले चेहरे पूर्ववत करावेत आणि बाजूच्या काळ्या पट्ट्यांचा राग मानू नये. ते पट्टे म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. चित्र कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सांगणाऱ्या त्या सीमा आहेत. आणि तक्रार करण्याचा कंटाळा करू नये. वाहिनी सुरू नाही म्हणून आपण केबलवाल्याला दहा वेळा फोन करतो. चित्र अर्धे आहे म्हणून एकदाही करीत नाही. मागणी करणारा ग्राहक नसेल तर कोणताही नियम कागदावरच राहतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. दुधाच्या भेसळीविरुद्ध आवाज उठविणाऱ्या समाजाला आपल्या चित्रपटांच्या भेसळीविरुद्ध आवाज उठविणे जड जाऊ नये.